दोन विसा सात पेंड्या

आये, हे मी बोलते आहे आणि सून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, मग हा कागद कुणासाठी, असं तिनं पेन उघडतानाच विचारलं. मी म्हटलं, तू सातवी शिकलीस ते काय नुसती किराणाची यादी करायला? तेव्हापासून गप लिहिते आहे. फक्त मी 'हाय' म्हणाले की ती 'आहे' लिहिते, 'हुतं' म्हणाले की 'होतं'. पत्रात नीट असावं म्हणते. असू दे. तुझी लेक म्हातारपणी शुद्ध बोलायला लागली असं समज आणि ऐक.

सांगायचं आहे ते तुझ्या पणतीचं, म्हणजे माझ्या लेकाच्या लेकीचं. ती नगरला सावेडीत तीन मुलींबरोबर खोली करून राहते आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आता कॉम्प्युटर तुला कसा सांगू? मिटला की परातीएवढा चपटा, उघडला की पोथीसारखा. त्याला जेवढं सांगावं तेवढंच तो करतो, मनाचं काही करत नाही. आपल्या खानदानात असा एकसुद्धा माणूस निघाला नाही, म्हणून मला त्याचं पहिल्यापासून कौतुक.

तर ही पोरगी दर शनिवारी घरी यायची, ती यंदा चिंचा फोडायच्या दिवसांत बुधवारी आली. सोबत कपड्यांची बॅग आणि वर अंथरुणाची वळकटी. वळकटी बघितली आणि मला कळलं की ही पाहुणी आलेली नाही. तिचा बाप नगर-पाथर्डी रस्त्यावर जीप चालवतो. त्याच्याच शेजारी पुढं बसून आली. जेवताना तो तिला म्हणाला, नको वाटत असंल तर नको शिकू, घरी ऱ्हा, आपली काय जबरदस्ती न्हाई. त्याला वाटलं आपण मायेनं बोललो. मी पोरीच्या तोंडाकडं बघत होते. कुणीतरी परत जा म्हणावं म्हणून ती आली होती, आणि बापानं रहा म्हटलं.

झालं होतं असं, की सरांनी वर्गाला एक काम दिलं होतं. यंत्रात कुठलाही आकडा घालायचा आणि यंत्रानं तो पाचाच्या मांडणीत छापून दाखवायचा. हिनं मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतलं, घाईत अर्धंच उतरलं, आणि छापून आलं ते सगळं उलटं. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, उलटं का आलं? हिला सांगता येईना. सर ओरडले नाहीत, तेच हिला जास्त लागलं. म्हणाले, सोमवारी पुन्हा करून दाखव, नाहीतर विषय राहील. आणि विषय राहिला तर वर्ष अडकणार. ही सोमवारची वाट न बघताच वळकटी घेऊन आली.

मला म्हणाली, "आजी, मला डोकंच न्हाई."

मी म्हटलं, "हाय की. तीन दिस विंचरलं न्हाईस म्हणून दिसंना."

हसली नाही. म्हणजे दुखणं खोल होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अंगणात चिंचा फोडायला बसलो. हे काम मला आवडतं. टरफल काढायचं, दगडावर ठेवून ठोकायची, चिंचोका बाजूला, गर बाजूला. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळं माणूस खरं बोलतो. लॅपटॉप तिनं शेजारी पोत्यावर ठेवला होता. मी म्हटलं, बघू तर खरं तुझं हे यंत्र काय वात्रटपणा करतं. ती म्हणाली, तुला न्हाई कळायचं. मी म्हटलं, मला न कळणाऱ्या लई गोष्टी मी आजवर ऐकून घेतल्यात, तुझ्या आजोबांबरोबर संसार केलाय मी.

मग सांगायला लागली. आपण माणसं दहा-दहाच्या हिशेबानं आकडा मांडतो. यंत्राला तेवढं झेपत नाही, त्याला दोनच खुणा कळतात, शून्य आणि एक. मी म्हटलं, म्हणजे देवानं त्याला दोनच बोटं दिली, बिचारं. व्हय, तसंच समज, म्हणाली. पण आकडा आत कसाही असला तरी माणसासमोर तो पाहिजे त्या मांडणीत छापून घेता येतो. आठाच्या आणि सोळाच्या मांडणीची सोय तयार मिळते, नुसतं हुकूम सोडायचा. पाचाची मिळत नाही, ती आपली आपण करावी लागते. मी म्हटलं, असंच असतं, तिखट दुकानात मिळतं, येसराचा मसाला घरीच कुटावा लागतो. पण पाचाची मांडणी म्हणजे काय गं?

तर ती म्हणाली, "पाच सुटे झाले की त्यांचा एक गठ्ठा बांधायचा. असे पाच गठ्ठे झाले की त्यांचा एक मोठा गठ्ठा. मग मोठे किती, ल्हान किती आणि सुटे किती, एवढंच वळीनं छापायचं."

आये, मी हातातली चिंच खाली ठेवली.

मी म्हटलं, घाल त्यात दोन विसा सात. तिनं मनात जुळवलं, सत्तेचाळीस म्हणाली, आणि बटणं दाबली. तोच आकडा मी का दिला ते तुला सांगायला नको. माझ्या लेकरांचे जन्मवार मी विसरले आहे, तो आकडा विसरलेले नाही. यंत्रानं उत्तर छापलं, आणि पोरीनं मला वाचून दाखवलं, "दोन, चार, एक."

मी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी जे बोलले होते तेच त्या परातीएवढ्या यंत्रातून निघालं.

तुझ्या मोजण्याची गावानं किती चेष्टा केली. हिला पाचाच्या पुढं येत न्हाई, म्हणायचे. तू कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन येतेस, एक हात भाऱ्याला लावलेला, मोकळा राहतो तो एकच. मग एका हातावर जेवढं मावेल तेवढंच मोजणार. "सहावं बोट कुणाच्या हाताचं मागू?" असं तू त्यांना विचारतेस आणि पुढं जातेस, मी मागनं पळते आहे. पाच पेंड्यांचा एक पाचुंदा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण बाकीचे वीस पाचुंद्यांचा शेकडा करायचे, आणि तू तिथंही पाचच धरलेस. पेंडीला एक बोट मिटायचं. पाच बोटं मिटली की पाचुंदा झाला, म्हणून ओटीत एक खडा. पाच खडे झाले की ते टाकून द्यायचे आणि पदराला एक गाठ मारायची. मग कुणी विचारलं की गाठी आधी सांगायच्या, मग खडे, मग बोटं. आपल्या घरात ही रीत सगळ्यांना माहीत होती. बा हसायचा, पण त्यालाही तोंडपाठ होती.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. मामा, तुझा पाठचा भाऊ, बैलगाडी घेऊन वैरण मागायला आला होता. त्याच्या बैलांच्या बरगड्या मी अंगणातून मोजल्या होत्या, आणि त्या पाचाच्या पुढं होत्या. बा त्याच्याशी बोलत बसला आणि तू कडब्याच्या गंजीवर चढलीस, किती आहे ते बघायला. मी खाली उभी. तू वरून मोजतेस आणि मग वाकून मला हात दाखवतेस. दोन बोटं मिटलेली. ओटी उघडून दाखवतेस, चार खडे. पदर दाखवतेस, एक गाठ. म्हणतेस, बाला सांगून ये, पळ. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या माणसांसमोर निरोप द्यायचा होता. मी पळत गेले आणि जसं बघितलं तसंच सांगितलं. दोन, चार, एक.

बानं तुझ्या रितीनं लावलं. दोन गाठी म्हणजे दोन विसा दहा. चार खडे म्हणजे आणखी एक वीस. वर एक. तीन विसा अकरा, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि खूश झाला. मामाला म्हणाला, दोन विसा तू ने, आमाला एक वीस अकरा रग्गड झाल्या. मामा उठून त्याच्या पाया पडायला लागला. तुझ्या गंजीत होत्या दोन विसा सात.

तू उतरून आलीस तेव्हा गाडी भरणं चाललं होतं. तुला कळलं असणारच. तू गाडीकडं बघितलंस, बैलांकडं बघितलंस, आणि भावाच्या गाडीवरून एक पेंडी खाली काढायला सांगितली नाहीस. उलट कासरा ओढून तूच भारा आवळून दिलास. गाडी वेशीबाहेर गेली, मग बा गंजीकडं वळला. किती ऱ्हायल्या, त्यानं विचारलं. तू म्हणालीस, "एक खडा, दोन बोटं." सात पेंड्या. आपल्या गाईला सात पेंड्या, आणि नवं गवत यायला दीड महिना.

मी कणगीमागं उभी होते. तू मला बघितलंस. मग बाच्याकडं वळून म्हणालीस, "माजंच मोजताना चुकलं."

बा जे बोलला ते सून लिहिणार नाही, तिला मी सांगतही नाही. पण ते गावभर झालं. पाचापर्यंतच येतं आणि तेही धड येत न्हाई, असं लोक म्हणायला लागले, आणि तुझ्या जन्माला ते चिकटलं.

तू मला मारलं नाहीस. संध्याकाळी भाकरी थापताना जवळ बसवलंस आणि परातीतल्या पिठाकडं बघतच बोललीस. "मोजताना धाकटं आधी हाती येतं. सांगताना थोरलं आधी सांगायचं. उलटं सांगितलं तर आकडा तोच ऱ्हात न्हाई." एवढंच. मग पहिली भाकरी मला वाढलीस. मला ती गिळेना, आणि तू ती गिळेपर्यंत उठू दिलं नाहीस. दीड महिना तू लिंबाचा पाला आणि बाभळीच्या शेंगा कुठून कुठून आणून गाय जगवलीस. वाळून काठी झाली पण जगली. तूही.

तर अंगणात बसून मी पोरीला ही गोष्ट सांगितली. कशी सांगितली ते पुढं बोलते, आधी यंत्राचं होऊ दे.

मी दोन विसा सात चिंचोके तिच्यापुढं ओतले आणि म्हटलं, मोज, एकाच हातानं. पाच-पाचाचे ढीग तिनं केले. नऊ ढीग झाले आणि दोन चिंचोके उरले. मी विचारलं, हाताला आधी काय लागलं? ती म्हणाली, सुटे दोन. मग नऊ ढिगांतून पाचाचा एक मोठा केला, चार ढीग उरले. आता काय लागलं? चार. आणि शेवटी? एक मोठा. ती चिंचोक्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, अगं आजी, यंत्र पण असंच करतं, पाचानं भागतं, बाकी उरेल ती पहिल्यांदा हातात येते, आणि मी ती आली की लगेच छापते.

मी म्हटलं, "लगेच बोलतीस म्हणून तर उलटं होतंय, बया. वटीत टाकत जा. समदं सरलं की वरचं आधी काढ."

गंजीचंही तसंच असतं ना गं, शेवटी रचलेली पेंडी आधी निघते. पोरगी पोत्याशी बसून बटणं बडवायला लागली. चिंचा तशाच राहिल्या, सून दोनदा येऊन बघून गेली आणि दोनदा काही न बोलता परत गेली, जे तिला सोपं जात नाही. हे तिनं आत्ता लिहिलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. बऱ्याच वेळानं पोरीनं वाचलं, "एक, चार, दोन." उडी मारली नाही, काही नाही. चिंचेचा एक गोळा मीठ लावून तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. मला तेवढ्यानं कळलं की वळकटी परत जाणार.

मग मला आणखी एक आठवलं. मी म्हटलं, काहीच नसंल तर तुझं यंत्र काय सांगतं? तिनं शून्य घातलं. यंत्र गप. कोरं. ती म्हणाली, काहीच न्हाई तर छापायचं काय? तेव्हा मी तिला तो दिवस सांगितला, जेव्हा सातातली शेवटची पेंडी आदल्या रात्री संपली होती. तू सकाळी बासमोर जाऊन उभी राहिलीस आणि उघडा पंजा धरलास. आज एकबी न्हाई, म्हणालीस. मी तुला नंतर विचारलं, त्याला दिसतच हुतं की, सांगायला कशाला गेलीस? तू म्हणालीस, न्हाई हेबी सांगावं लागतं, गप बसलं तर समोरच्याला वाटतं असंल कुठंतरी. पोरीनं ते ऐकलं आणि यंत्राला सांगितलं, सुरुवातीलाच हातात काही नसेल तर गप बसायचं नाही, शून्य छापायचं.

शनिवारी ती गेली. बापाला म्हणाली, दादा, मला सोडा, मी जाते. लेक माझ्याकडं बघायला लागला की मी काय केलं. मी म्हटलं, चिंचा फोडून घेतल्या.

सोमवारी दुपारी फोन आला. तिचा आवाज ऐकूनच सुनेनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. सरांनी आधी चार-पाच आकडे घातले, सगळे सरळ आले. मग त्यांनी शून्य घातलं. आधीच्या कितीतरी जणांची यंत्रं त्या शून्याला कोरी राहिली होती, म्हणाली. हिच्या यंत्रानं शून्य छापलं. सरांनी विचारलं, हे कसं सुचलं? तर ही त्यांना म्हणाली, नाही हे सुद्धा सांगावं लागतं सर. सरांनी वहीवर सही केली. विषय सुटला. आता ती खोलीवरच्या मुलींना वालाचे दाणे घेऊन हेच शिकवते, असं कळलं. पुढच्या वर्षी आणखी अवघड असतं म्हणे. अवघड असू दे. वळकटी आता लवकर बांधली जात नाही.

सगळं चांगलं झालं आहे, आये, मग हा कागद कशाला, ते आता सांगते. सुने, इथं हात थांबवायचा नाही, आणि माझ्याकडं बघायचंही नाही.

फोनवर पोरगी म्हणाली, आजी, सरांना मी सगळी गोष्ट सांगितली. पणजीनं एकदा आकडा उलटा सांगितला, त्यामुळं गाईची वैरण गेली, आणि माझ्या आजीनं एवढीशी असताना ती चूक पकडली. सर म्हणाले, तुझी आजी हुशार दिसते.

मी पोरीला गोष्ट तशीच सांगितली होती. अंगणात बसून, चिंच फोडता फोडता. ती मान खाली घालून बसली होती, म्हणत होती मला डोकं न्हाई, आणि मला वाटलं, तिच्या आजीला तरी डोकं होतं असं तिला वाटू दे. त्या वेळी ते मायेचंच वाटलं. लेकाला जेवताना वाटलं होतं तसं. पण खरं सांगू का, नुसती माया नव्हती. त्या निरोपाचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तुझ्या जावयालाही नाही, आणि त्या सकाळी तोंडातून निघता निघता ते आपोआप तुझ्याकडं सरकलं. मी सासरी आले तरी लोकांनी तुझी चेष्टा सोडली नव्हती, आणि इथंही कुणी विषय काढला की मी चारचौघांत हसायचे.

बासमोर ते तू स्वतःहून अंगावर घेतलंस. परवा मी ते तुला न विचारताच तुझ्यावर टाकलं.

पोरगी या शनिवारी येते आहे. तिला मी बसवून सांगणार आहे, की मोजलं तू बरोबर होतंस, सांगितलं मी उलटं. सून विचारते, "आत्या, खरंच सांगणार का?" व्हय म्हणाले आहे. तिनं ते लिहिलं आहे का, हे मला वाचता येत नाही, म्हणून मी तिला ही शेवटची ओळ दोनदा वाचून दाखवायला लावली.